आवाज आपला, पण चावी कुणाच्या हातात?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी अमेरिकेतल्या मेम्फिस नावाच्या शहराविषयी बोलणार आहे. तिथले गाणारे, वाजवणारे आणि रेडिओवर बोलणारे लोक हा माझा विषय. काही जण म्हणतील, विहाराच्या वर्धापनदिनी हे अमेरिकेतले गाणे-बजावणे कशाला? तर बाबासाहेबांनी स्वतः १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. आपल्या प्रश्नात आणि त्यांच्या प्रश्नात साम्य आहे, हे त्यांनी त्यात नमूद केले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा त्या माणसांची हकीकत ही काही परक्याची हकीकत नाही. तिच्यात आपल्या वस्तीतल्या गायकांना आणि शाहिरांना उपयोगी पडेल असा एक धडा आहे, आणि तेवढा एकच धडा मी आज सांगणार आहे.

मेम्फिस हे टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीच्या काठावरचे शहर. न्यूयॉर्क-शिकागोसारखे मोठे नव्हे. कापसाचा मोठा बाजार म्हणून त्याचे नाव. ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते ते काळे लोक आसपासच्या शेतांवर कापूस वेचायचे, आणि तिथे पोट भरेना म्हणजे मेम्फिसला यायचे. १९४० च्या सुमारास शहरातल्या शंभर माणसांमागे सुमारे चाळीस माणसे काळी होती. पण शाळा वेगळ्या, बसमधली जागा वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. सार्वजनिक प्राणिसंग्रहालयात काळ्यांसाठी आठवड्यातला एकच वार. पाणवठ्याचे दुःख आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

त्या शहरात काळ्यांची स्वतःची अशी एक गल्ली होती, तिचे नाव बील स्ट्रीट. दुकाने, दवाखाने, नाटकगृहे, गुत्ते, सगळे तिथे. आणि गाणे तिथे. या गल्लीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडवाला आला. खेड्यापाड्यातून काळे मजूर जे दुःखाचे गाणे गात, ज्याला ब्लूज म्हणतात, ते त्याने कागदावर उतरवले. १९१२ साली त्याचे ‘मेम्फिस ब्लूज’ छापून निघाले. पण हँडीने त्याचे हक्क अगदी किरकोळ रकमेला विकून टाकले होते. गाणे देशभर वाजले, पैसा दुसऱ्याने कमावला. हक्क परत मिळायला त्याला जवळजवळ अठ्ठावीस वर्षे लागली. मात्र हँडी शहाणा माणूस. त्याने एका जोडीदाराला घेऊन मेम्फिसमध्येच स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. १९१४ चे ‘सेंट लुईस ब्लूज’ त्याने स्वतः छापले, आणि त्या एका गाण्याने त्याला जन्मभर उत्पन्न दिले. माणूस तोच, कलाही तीच. पहिल्या खेपेला कागद दुसऱ्याच्या हातात होता, दुसऱ्या खेपेला स्वतःच्या. एवढाच काय तो फरक. हा फरक लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता रेडिओकडे येऊ. १९४७ साली मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए नावाचे एक छोटे रेडिओ केंद्र सुरू झाले. मालक दोघे गोरे. इतर केंद्रे लावत तसलीच गाणी हेही लावत होते, आणि तोट्यात चालले होते. शेवटी मालकांनी विचार केला, शहरात एवढी काळी माणसे आहेत, तीही साबण घेतात, पीठ घेतात, मग त्यांच्यासाठी कार्यक्रम का करू नये? प्रेमापोटी नव्हे, धंद्यापोटी. पण कारण काहीही असो, दार उघडले.

२५ ऑक्टोबर १९४८ रोजी दुपारी चार वाजता त्या केंद्रावर पहिल्यांदा एक काळा निवेदक बोलायला बसला. तिकडे याला डिस्क जॉकी म्हणतात, म्हणजे तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मधे श्रोत्यांशी बोलणारा माणूस. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सांगणारे अमीन सयानी घराघरात पोहोचले, तसा. मेम्फिसच्या या माणसाचे नाव नॅट डी. विल्यम्स. पेशाने हायस्कुलात इतिहासाचे शिक्षक. शिवाय वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचे, आणि बील स्ट्रीटच्या थिएटरात हौशी गायकांच्या स्पर्धेचे सूत्रसंचालन करायचे. असा बोलका माणूस, पण त्या दिवशी माईक सुरू झाला आणि मास्तर पाठ केलेले सगळे विसरले. काही सुचेना, तेव्हा ते खदखदून हसले. ते हसणेच पुढे त्यांची ओळख झाली. कार्यक्रम हसण्याने सुरू व्हायचा.

त्या हसण्यात काय होते, याचा विचार करा. तोवर रेडिओवर काळा माणूस म्हणजे बहुधा नोकराची नाहीतर विदूषकाची भूमिका. इथे आपल्याच शाळेतले मास्तर, आपल्याच बोलीत, आपल्या मनासारखे हसत होते. पहाटेचा कार्यक्रम करायचा, मग शाळेत जाऊन मुलांना इतिहास शिकवायचा, आणि दुपारी पुन्हा रेडिओवर यायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

वर्षभराच्या आत त्या केंद्राचे सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी होऊ लागले. संपूर्ण अमेरिकेत असे हे पहिलेच केंद्र. १९४९ साली विला मन्रो नावाच्या बाई गृहिणींचा कार्यक्रम करू लागल्या. मेम्फिसच्या रेडिओवरची ती पहिली काळी स्त्री निवेदक. पुढे १९५४ मध्ये मार्था जीन स्टाइनबर्ग आल्या, श्रोते त्यांना ‘क्वीन’ म्हणजे राणी म्हणत. १९५४ सालीच केंद्राची ताकद २५० वॅटवरून ५०,००० वॅट झाली, आणि आवाज मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरून पार दक्षिणेकडे जाऊ लागला. ज्या मजुराला शहर कधी बघायला मिळाले नव्हते त्याच्या झोपडीत शहरातला आपला माणूस बोलू लागला.

आणि नुसती गाणी नव्हेत बरं का. कुणाचे मूल हरवले, कुणाच्या घरी मदत हवी, अशा सूचना रेडिओवरून दिल्या जायच्या. केंद्र दरवर्षी संगीताचा मोठा जलसा करी. त्या पैशातून अपंग काळ्या मुलांना शाळेत न्यायला बसची सोय झाली, मुलांच्या बेसबॉल संघांना मदत झाली. आपले एखादे मंडळ जयंतीच्या वर्गणीतून वह्या वाटते, तसे.

या केंद्राने कोण कोण घडवले, ते बघा. रायली किंग नावाचा एक तरुण मिसिसिपीतल्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. तो गिटार घेऊन मेम्फिसला आला. केंद्राने त्याला रोज दहा मिनिटे दिली. एका टॉनिकची जाहिरात गायची, आणि संध्याकाळी आपण कुठे गाणार आहोत ते सांगायची मुभा, असा तो सौदा. बील स्ट्रीटचा ब्लूज बॉय म्हणून त्याला ‘बी. बी.’ म्हणू लागले. तोच जगप्रसिद्ध बी. बी. किंग. १९५१ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘थ्री ओक्लॉक ब्लूज’ने त्याला देशभर नेले. २०१५ साली तो वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा बील स्ट्रीटवरून काढण्यात आली.

दुसरा रुफस थॉमस. विल्यम्स मास्तरांचाच विद्यार्थी. गिरणी म्हटले की आपल्याला परळ-लालबागचे शाहीर आठवतात. रुफस दिवसा कापडाच्या गिरणीत बॉयलरवर काम करायचा आणि पाळी सुटली की माईकवर येऊन लोकांना हसवायचा, नाचवायचा. रेडिओवर नाव झाले तरी गिरणीतली नोकरी त्याने बरीच वर्षे सोडली नाही, कारण घर त्या पगारावर चालत होते.

आता दुसरी बाजू. बी. बी. किंगच्या सुरुवातीच्या कितीतरी तबकड्यांवर गीतकार म्हणून त्याच्या नावाशेजारी आणखी एक नाव छापलेले असे. त्या नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता. ते कंपनीच्या मालकांनी घेतलेले टोपणनाव होते, गाण्याच्या उत्पन्नातला वाटा आपल्याकडे वळवण्यासाठी. गाणे न लिहिता गीतकार होता येते, फक्त छापखाना आपला पाहिजे.

त्याच शहरात सॅम फिलिप्स या गोऱ्या माणसाने १९५० साली ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढला. सुरुवातीला त्याने काळ्या कलावंतांनाच संधी दिली, हे त्याचे श्रेय आहे. १९५३ साली त्याच्या सन कंपनीला पहिले मोठे यश मिळवून दिले ते रुफस थॉमसच्या गाण्याने. मग जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या गोऱ्या पोराने तिथे एक गाणे गायले. ड्युई फिलिप्स हा गोरा निवेदक दुसऱ्या एका केंद्रावर काळ्यांच्या तबकड्या आवडीने वाजवायचा. सॅमचा तो नातेवाईक नव्हे, आडनाव तेवढे एक. त्याने ते गाणे लावले आणि फोनवर फोन आले. त्याच रात्री एल्व्हिसला बोलावून घेतले. मुलाखतीत ड्युईने त्याला कोणत्या शाळेत शिकलास ते मुद्दाम विचारले. का? कारण आवाज ऐकून पुष्कळांना तो काळा वाटला होता. शाळा वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे शाळेचे नाव सांगितले की रंग आपोआप कळायचा. मंडळी, आपल्याकडेही भाड्याने खोली बघायला गेले की आधी ‘आडनाव काय?’ असे विचारतात. प्रश्न साधा, पण त्यामागचा हेतू आपण ओळखतो.

ते गाणे मूळचे आर्थर क्रुडप या मिसिसिपीतल्या काळ्या गायकाचे. एल्व्हिसच्या आधी आठ वर्षे त्याने ते ध्वनिमुद्रित केले होते. एल्व्हिस कोट्यधीश झाला. क्रुडप शेतमजुरी करीत राहिला. १९७४ साली तो मरण पावला तोवर त्याचा हक्काचा मोबदला त्याच्या हाती पडला नव्हता. आणि रुफस थॉमस? एल्व्हिस आल्यावर सन कंपनीचे लक्ष गोऱ्या गायकांकडे वळले, रुफससारखे मागे राहिले. त्याने ही तक्रार पुढे अनेकदा बोलून दाखवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गोरे वाईट आणि काळे चांगले असा हिशेब मांडत नाही. याच मेम्फिसमध्ये जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी स्टॅक्स नावाची कंपनी काढली. यंत्र घ्यायला बहिणीने घर गहाण टाकले. १९६० मध्ये काळ्यांच्या वस्तीतले एक जुने सिनेमागृह घेतले, आत स्टुडिओ, पुढे तबकड्यांचे दुकान. रुफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांनी तिला पहिले यश दिले. बुकर टी. अँड द एमजीज या त्यांच्या प्रमुख वादकसंचात दोन काळे आणि दोन गोरे. ज्या शहरात ते एकत्र बसून हॉटेलात जेवू शकत नव्हते तिथे ते एकत्र वाजवत होते. गाणी रचायला ते लॉरेन मोटेलमध्ये जमत. हे मोटेल एका काळ्या दांपत्याचे होते, तिथे दोन्ही रंगांच्या माणसांना उतरता येई.

पण माणसे चांगली असली तरी कागद कच्चा असेल तर काय होते? १९६५ साली स्टॅक्सने अटलांटिक या न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीशी लेखी करार केला. स्ट्यूअर्टने तो बारकाईने वाचला नाही, विश्वासावर सही केली. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांचा सर्वात मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. त्यानंतर १९६८ साली अटलांटिकशी संबंध तुटले, आणि तेव्हा कळले की त्यांच्यामार्फत विकल्या गेलेल्या सगळ्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी करारानुसार अटलांटिकची आहे. एवढ्या वर्षांच्या कष्टाची पुंजी एका सहीने गेली.

त्याच १९६८ सालच्या फेब्रुवारीत मेम्फिसमध्ये आणखी एक घटना घडली. पाऊस लागला म्हणून दोन काळे सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, कचऱ्याच्या गाडीत मागे आडोशाला बसले. गाडीचे कचरा दाबायचे यंत्र सुरू झाले आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. हातात फलक, त्यावर एकच वाक्य: मी माणूस आहे. बस्स. आपल्या वस्तीतल्या ज्या घरांतून झाडू घेऊन पहाटे माणसे निघतात, त्यांना या वाक्याचा अर्थ मी काय सांगावा?

त्यांच्या पाठिंब्याला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आले. १९५९ साली ते भारतात आले असताना केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतला अस्पृश्य’ अशी करून देण्यात आली होती. आधी त्यांना धक्का बसला, मग विचाराअंती ते म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. मेम्फिसला ते त्याच लॉरेन मोटेलमध्ये उतरले. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी ते सज्जात उभे होते. खाली बेन ब्रँच हा वादक उभा होता, रात्रीच्या सभेत तो वाजवणार होता. आपल्या आवडीचे एक भजन आज छान वाजव, असे किंग यांनी त्याला सांगितले, आणि तेवढ्यात गोळी लागली. त्यांचे शेवटचे बोलणे एका वादकाशी झाले. १६ एप्रिलला कामगारांच्या मागण्या मान्य होऊन संप मिटला. आज त्या मोटेलच्या जागी नागरी हक्कांचे संग्रहालय आहे.

बंधू-भगिनींनो, आता धड्याकडे येतो. डब्ल्यूडीआयएवर आवाज काळ्यांचा होता, पण मालक गोरे होते. तरी त्या आवाजाने लोकांना धीर दिला, ते काही कमी नाही. पण आवाज मिळणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. १९४९ साली अटलांटा शहरात जेसी ब्लेटन या काळ्या गृहस्थांनी स्वतःचे रेडिओ केंद्र घेतले, ते अमेरिकेतले पहिले काळ्या मालकीचे केंद्र. मेम्फिसला तो दिवस १९७७ साली आला, डब्ल्यूएलओके हे केंद्र एका काळ्या उद्योजकाने विकत घेतले तेव्हा. आणि ती ‘क्वीन’ मार्था जीन? ती डेट्रॉइटला गेली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तिथल्या एका केंद्राची मालकीण झाली. निवेदिकेपासून मालकिणीपर्यंत. वाट लांब आहे, पण आहे.

आपल्याही देशात असे घडले आहे. २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. त्यानंतर २००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावी संघम रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या खेड्यातल्या दलित बाया. शेतात राबणाऱ्या बायांनी यंत्रावर हात ठेवला आणि आपल्या बियाण्यांविषयी, आपल्या गाण्यांविषयी, आपल्याच तोंडाने बोलल्या. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

रेडिओ केंद्र ही मोठी गोष्ट झाली. पण काही गोष्टी उद्या सकाळपासून करता येतील. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या स्पीकरवर दिवसभर गाणी वाजतात. ती कुणी लिहिली, चाल कुणाची, हे आपल्या पोरांना सांगता येते का? कितीतरी कॅसेटवर गायकाचे नाव असते, कवीचे नसते. ज्याने रात्र रात्र जागून गाणे रचले त्याची वही त्याच्या मागे रद्दीत जाते. तेव्हा पहिले काम, स्पीकरवर गाणे लावणाऱ्या पोराने गाण्याआधी कवीचे आणि गायकाचे नाव सांगायचे. तोही आपला डिस्क जॉकीच आहे, त्याला एवढी जबाबदारी द्या.

दुसरे काम, विहारात एक जाड वही ठेवा. आपल्या वस्तीतल्या, आपल्या गावाकडच्या शाहिरांची, गायन पार्ट्यांची नावे, गाव, साल, गाण्यांची यादी तिच्यात लिहा. घरात जुन्या कॅसेट असतील त्या टाकू नका. मुलांना मोबाइल कळतो, त्यांच्याकडून त्या उतरवून घ्या.

तिसरे काम कलावंतांचे. कंपनीवाला आला, हार घातला, थोडी रक्कम पुढे केली, की लगेच सही करू नका. कागद घरी आणा, शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आपल्या देशात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या गाण्याचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि गाणे ध्वनिमुद्रणात गेले तरी गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा, म्हणजे रॉयल्टी, कंपनीला सरसकट काढून घेता येत नाही. हा कायदा हँडीजवळ नव्हता, क्रुडपजवळ नव्हता. आपल्याजवळ आहे. पण कायदा कपाटात राहून उपयोग नाही, तो माहीत असणारा माणूस वस्तीत पाहिजे. आपली मुले-मुली वकिली शिकत आहेत, त्यांनी या कामी पुढे यावे.

बाबासाहेबांनी मूकनायक काढला, बहिष्कृत भारत काढला, तेव्हा दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसले नाहीत. पुढे तर स्वतःचे भारत भूषण मुद्रणालय उभे केले. लेखणीबरोबर छापखानाही आपला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. मेम्फिसच्या गायकांना जे पन्नास-साठ वर्षे झिजून कळले ते आपल्या घरात आधीच सांगून ठेवलेले आहे. विल्यम्स मास्तरांसारखे मनमोकळे हसा, बी. बी. किंगसारखे गा, पण गाण्याखाली आपले नाव घालायला आणि कागद वाचायला विसरू नका.